बाबू हरदास : जयभीम देणारा कामगार नेता

आपण रोज जयभीम म्हणतो. हे अभिवादन आपल्यात रुजवणारे बाबू हरदास एल. एन. कामगारांचे पुढारी होते, हे मात्र आम्ही विसरत चाललो आहोत.

६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत त्यांचा जन्म झाला. शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमध्ये. विशीच्या आतच त्यांनी साप्ताहिक काढले. आपल्या भागातले असंख्य हात तेव्हा बिडी वळत होते. दिवसभर राबूनही ठेकेदार देईल तीच मजुरी. बाबूंनी या कामगारांना संघटित करून त्यांची सहकारी संस्था उभी केली. रात्रशाळाही चालवली.

त्याच काळात युरोपात काय चालले होते? मुसोलिनीने १९२६ मध्ये कायद्यानेच संप बंद केले. हिटलरने १ मे १९३३ रोजी कामगारांचा सण सरकारी थाटात साजरा केला आणि दुसऱ्याच दिवशी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली. फॅसिझम असाच येतो. कामगाराचा जयजयकार करतो आणि त्याची संघटना मोडतो. मार्च १९३१ मध्ये नागपूरचेच डॉ. मुंजे रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले. तिथले तरुणांचे लष्करी शिक्षण त्यांना भारावून गेले.

त्याच नागपुरात बाबूंनी दुसरी वाट धरली. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि मध्यप्रांतात तो उभा करण्याची जबाबदारी बाबूंनी घेतली. १९३७ मध्ये नागपूर-कामठीतून ते विधिमंडळात निवडून गेले. जात मजुरांना एकमेकांपासून तोडते, ही बाबासाहेबांची शिकवण होती. तुटलेले मजूर हुकूमशहाला सोपे सापडतात, असे आम्ही त्यापुढे म्हणतो.

१२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने बाबू गेले. वय अवघे ३५. कन्हान नदीकाठी त्यांना निरोप दिला गेला.

आज बुटीबोरी-हिंगण्यात आपली पोरे ठेक्यावर राबतात. संध्याकाळी त्यांच्याच हातात धर्माच्या नावाने झेंडे दिले जातात. मजुरी विचारायला मात्र कुणी येत नाही. तरुण मित्रांनो, जानेवारीत कन्हानला जरूर जा, फुले वाहा. पण परतताना आपल्या वस्तीतल्या ठेका कामगाराच्या दारावर थांबा, त्याची मजुरी विचारा, त्याला संघटनेत आणा. बाबूंचा जयभीम तिथूनच सुरू झाला होता.

जयभीम!