शाळा भरण्यापूर्वी

अमेरिकेच्या ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड नावाचे मोठे शहर वसलेले आहे. पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात तेथील पोलादाच्या कारखान्यांची धुराडी रात्रंदिवस धूर ओकीत असत. त्या कारखान्यांत आपल्याला काम मिळेल या आशेने दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे चंबूगबाळे आवरून उत्तरेकडील अशा शहरांची वाट धरीत. हेन्‍री ओवेन्स याचे कुटुंब त्यांपैकीच एक. अलाबामा राज्यातील ओकव्हिल या खेड्यात तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करी. वर्षभर कापसाच्या शेतात राबावे आणि हिशेबाच्या दिवशी हाती फारसे काही उरू नये, असा त्या जिण्याचा क्रम होता. या हेन्‍रीला दहा मुले होती. त्यांतील सर्वांत धाकटा मुलगा १२ सप्टेंबर १९१३ रोजी जन्मला. तोच पुढे जेसी ओवेन्स या नावाने जगाला ठाऊक झाला.

खरे म्हणजे त्याचे नाव जेसी नव्हते. आईबापांनी त्याचे नाव जेम्स क्लीव्हलंड असे ठेवले होते, आणि घरात सर्वजण त्याला नावाच्या आद्याक्षरांवरून ‘जे. सी.’ म्हणत. मुलगा नऊ वर्षांचा असताना कुटुंब शहरात आले. नव्या शाळेत बाईंनी नाव विचारले, तेव्हा त्याने आपल्या दक्षिणी हेलात ‘जे. सी.’ असे सांगितले. बाईंना ते ‘जेसी’ असे ऐकू आले आणि पटावर तेच नाव चढले. मुलाने ती चूक दुरुस्त केली नाही. खेड्यातून आलेल्या त्या बुजऱ्या पोराला नव्या शहरात, नव्या वर्गात, बाईंचे बोलणे खोडून काढण्याचे धैर्य कोठून व्हावे? अशा रीतीने पटावर चुकून आलेले नाव त्याला जन्मभर चिकटून राहिले.

हा मुलगा लहानपणी मुळीच धट्टाकट्टा नव्हता. हिवाळा आला की त्याची छाती भरून येई, खोकल्याने तो हैराण होई आणि कित्येक दिवस अंथरुणाला खिळून राही. असे मूल पुढे जगातील सर्वांत वेगवान धावपटू होईल, असे भाकीत कोणी केले असते तर लोकांनी त्याला हसण्यावारीच नेले असते.

जेसी फेअरमाउंट नावाच्या माध्यमिक शाळेत जाऊ लागला. तेथे चार्ल्स रायली हे व्यायामशिक्षक होते आणि शाळेच्या धावण्याच्या संघाची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. ते गोरे होते. पण धावणाऱ्या मुलाचे पाय पाहावेत, कातडी पाहू नये, असा त्यांचा स्वभाव होता. मैदानावर खेळणाऱ्या मुलांत हा किडकिडीत मुलगा त्यांच्या नजरेत भरला, आणि संघात येण्याविषयी त्यांनी त्याला विचारले.

येथे मोठी अडचण उभी राहिली. संघाचा सराव शाळा सुटल्यावर होत असे, आणि शाळा सुटल्यावर जेसीला मोकळीक नव्हती. वडील आणि थोरला भाऊ पोलादाच्या कारखान्यात काम करीत. तरीही एवढ्या मोठ्या घराला ते पुरत नसे. म्हणून जेसी दुपारनंतर कधी किराणा माल घरोघरी पोचवी, कधी मालगाडीच्या डब्यांत माल चढवी, तर कधी जोडे दुरुस्त करण्याच्या दुकानात बसे. ते चार पैसे घरात येणे आवश्यक होते. खेळाची हौस भागविण्यासाठी काम सोडावे, तर घरच्यांच्या ताटातील घास कमी होणार; काम धरून राहावे, तर संघाचे दार बंद.

अशा वेळी पुष्कळ शाळांत काय घडते, हे आपण जाणतो. सरावाची वेळ ठरलेली असते. ज्याला जमेल त्याने यावे, न जमेल त्याने घरी जावे, असा सरळ नियम सांगितला जातो, आणि कामकरी घरातील मुले मैदानाच्या कडेने मुकाट्याने निघून जातात. रायली यांनी तसे केले नाही. मुलाला संध्याकाळी येता येत नसेल, तर आपण सकाळी यावे, असे त्यांनी ठरविले. शाळेची घंटा होण्यापूर्वी, इतर मुले अजून घरी असताना, हे दोघे सरावाला येऊ लागले. या जादा कामाबद्दल त्यांना कोणी वेगळा मोबदला देत नव्हते. उलट, मुलगा उपाशीपोटी धावतो असे दिसल्यावर ते घरून त्याच्यासाठी न्याहारी आणीत, आणि रविवारी त्याला आपल्या घरी जेवायलाही नेत. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मारावी तशी हाक जेसी त्यांना मारू लागला.

रायली यांची शिकविण्याची पद्धतही पाहण्यासारखी होती. त्यांनी या शिष्याला घोड्यांच्या शर्यती पाहायला नेले. उमदा घोडा धावतो तेव्हा तो तोंड वेंगाडीत नाही, मान ताठवीत नाही. त्याचे सारे बळ पायांत उतरलेले असते. माणसानेही तसेच धावावे, असे त्यांचे म्हणणे. जमीन म्हणजे जणू धगधगते निखारे आहेत असे समजून पाऊल टेकताक्षणी उचलावे, ही त्यांची दुसरी शिकवण. जेसीने ती इतकी आत्मसात केली, की पुढे त्याला धावताना पाहणाऱ्यांना त्याचे पाय जमिनीला केवळ शिवून जात आहेत असे वाटे. त्या काळी शर्यतीच्या आरंभी पायांना रेटा देण्यासाठी आजच्यासारखी ठोकळ्यांची सोय नसे. प्रत्येक धावपटू लहानशी खुरपी घेऊन मैदानात स्वतःपुरते दोन खळगे खणी आणि त्यांत पाय रोवून उभा राही.

या शाळेत एकदा चार्ली पॅडॉक नावाचा धावपटू आला. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत त्याने जिंकली होती. त्याचे भाषण मुलांनी ऐकले. ऑलिंपिकमध्ये धावलेला माणूस आपल्यासारखाच हाडामांसाचा असतो, हे जेसीने त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. १९२८ साली, वयाची पंधरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, त्याने आपल्या वयोगटातील शालेय स्पर्धांत ६ फूट उंच आणि जवळजवळ २३ फूट लांब उडी मारून नवे विक्रम नोंदविले.

१९२९ साली अमेरिकेत भयंकर मंदी आली. कारखाने थंडावले, माणसे बेकार झाली. ओवेन्सच्या घरातील थोरल्या भावंडांचे शिक्षण केव्हाच सुटले होते; जेसी मात्र शाळेत टिकून राहिला. १९३० मध्ये तो ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये दाखल झाला. शाळा बदलली तरी रायली यांनी त्याला सोडले नाही. ते नव्या शाळेतील प्रशिक्षकांच्या मदतीला येऊ लागले. राज्यातील शालेय अजिंक्यपद जेसीने सलग तीन वर्षे मिळविले. मात्र यशाच्या या माळेत एक अपयशही आहे. १९३२ च्या ऑलिंपिकसाठी निवड चालू असताना त्याने आपले नशीब अजमावून पाहिले. परंतु मोठ्या वयाच्या, मुरलेल्या धावपटूंपुढे त्याचे काही चालले नाही. तो परत आला आणि पुन्हा शाळेच्या संघातून धावू लागला.

पुढच्याच वर्षी, जून १९३३ मध्ये, शिकागो येथे देशभरातील शाळांची स्पर्धा भरली. जेसीने लांब उडी जिंकली, २२० यार्डांची शर्यत जिंकली, आणि १०० यार्डांचे अंतर ९.४ सेकंदांत तोडून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. एका शाळकरी मुलाने हे करून दाखविले! तो गावी परतला तेव्हा क्लीव्हलंडच्या रस्त्यांतून त्याची मिरवणूक काढण्यात आली. ज्या शहरात तो काही वर्षांपूर्वी घरोघरी किराणा पोचवीत होता, त्याच शहराचे लोक आता दुतर्फा उभे राहून त्याचा जयजयकार करीत होते.

त्यानंतर तो ओहायो राज्याच्या विद्यापीठात गेला. तेथे तो संघाचा सर्वांत मोठा आधार होता, तरीही कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला विद्यापीठाच्या आवारातील वसतिगृहात राहता येत नसे. संघ परगावी गेला म्हणजे गोऱ्या सोबत्यांचे जेवण एका जागी आणि त्याचे दुसऱ्या जागी. शिक्षणाच्या खर्चासाठी सरकारी इमारतीत माणसे वरखाली नेणारा पाळणा चालविण्याचे काम त्याने पत्करले होते. असे दिवस काढीत असतानाच २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर या गावी त्याने जे केले, त्याला खेळाच्या इतिहासात तोड नाही. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्यामुळे त्याची पाठ दुखावली होती, आणि त्याने धावावे की नाही याचीच शंका होती. पण अवघ्या पाऊण तासात त्याने एका जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि इतर शर्यतींत व लांब उडीत नवे विक्रम केले. लांब उडी तर त्याने एकदाच मारली. ८.१३ मीटरचा तो विक्रम पुढे पंचवीस वर्षे अबाधित राहिला.

१९३६ चे बर्लिन ऑलिंपिक सर्वांना परिचित आहे, म्हणून त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. जर्मनीत त्या वेळी हिटलरची सत्ता होती, आणि आपला वंश तेवढा श्रेष्ठ असे त्याचे सरकार उच्चरवाने सांगत होते. त्याच मैदानात गुलामांच्या या वंशजाने शंभर मीटर, दोनशे मीटर, लांब उडी आणि संघाची शर्यत अशी चार सुवर्णपदके मिळविली. हिटलरने हस्तांदोलन केले की नाही, याच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांपेक्षा मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. लांब उडीत त्याच्याकडून हरलेला जर्मन खेळाडू लुत्स लाँग याने सर्वांच्या देखत त्याचे अभिनंदन केले आणि दोघे हातात हात घालून मैदानातून चालत गेले. याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या भारतीय हॉकी संघानेही सुवर्णपदक मिळविले, आणि अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली. पण त्याच्याच सत्कारासाठी एका बड्या हॉटेलात जाताना त्याला पाहुण्यांच्या पाळण्यातून नव्हे, तर सामानाच्या पाळण्यातून वर जावे लागले. थकव्यामुळे त्याने युरोपच्या दौऱ्यातून माघार घेतली होती. त्यामुळे खेळाच्या अधिकाऱ्यांनी त्याला स्पर्धांतून बाद केले. पदकांनी पोट भरत नाही. पैशासाठी घोड्यांशी शर्यती लावण्याची पाळीही त्याच्यावर आली. ज्या घोड्यांकडून लहानपणी धावणे शिकला, त्यांच्याशीच त्याला तमाशासाठी धावावे लागले. ही गोष्ट वाचताना मन विषण्ण होते.

तथापि तो कडवट झाला नाही. क्लीव्हलंडमध्ये मुलांच्या क्रीडांगणावर देखरेख करण्याचे काम त्याने केले, पुढे शिकागो येथील मुलांच्या क्लबचे कामही पाहिले. १९५५ साली अमेरिकन सरकारने क्रीडा-राजदूत म्हणून त्याला आशियात पाठविले, तेव्हा तो भारतातही आला होता. ३१ मार्च १९८० रोजी ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले.

बर्लिनमध्ये प्रत्येक विजेत्याला पदकाबरोबर ओक वृक्षाचे एक रोप कुंडीत लावून देत असत. ओवेन्सने अशी चार रोपे समुद्र ओलांडून घरी आणली. त्यांतील एक क्लीव्हलंडच्या ऱ्होड्स हायस्कूलच्या आवारात लावण्यात आले. ऐंशी वर्षे उलटून गेली तरी तो वृक्ष तेथे उभा होता. तो वठत चालला असे दिसताच शहरातील वृक्षतज्ज्ञांनी त्याच्या डहाळ्यांपासून कलमे करून नवी रोपे वाढविली.