बगदादचे आसन सोडताना : इमाम गझाली (रह.)

वाचकहो, चाळिशीच्या उंबरठ्यावर जम बसलेले काम सोडून दुसरी वाट धरावी की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या घरात उठत असेल. अशा वेळी इमाम अबू हामिद गझाली (रह.) यांचे चरित्र पुन्हा उघडून पाहा.

हिजरी ४५० मध्ये तूस येथे जन्मलेल्या इमामांना वजीर निजामुल्मुल्क यांनी हिजरी ४८४ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. तीनशे विद्यार्थी, दरबारी मान, सुबत्ता. त्या काळी आलिमाला याहून मोठे पद नव्हते. तरीही आपल्या अध्यापनाचा हेतू तपासता त्यात अल्लाहची प्रसन्नता कमी आणि कीर्तीची ओढ अधिक आहे, असे त्यांना आढळले.

इमामांनी एका क्षणात सर्वस्वावर पाणी सोडले, असे वक्ते रंगवून सांगतात. वस्तुस्थिती तशी नाही. हिजरी ४८८ च्या रजब महिन्यापासून सुमारे सहा महिने ते दोलायमान होते. सकाळी निश्चय करावा, सायंकाळी तो मोडावा. सोडलेले पद पुन्हा हवेसे वाटले तर ते सहज मिळणार नाही, ही भीतीही होती. अखेर वाचा बसली, अन्न गिळवेना, वैद्यांनी हात टेकले. तेव्हा त्यांनी अल्लाहलाच शरण जाऊन दुआ केली आणि मन मोकळे झाले.

त्यानंतरची त्यांची पावले मात्र अत्यंत सावध होती. संपत्ती वाटून टाकली, पण मुलाबाळांच्या निर्वाहापुरती राखली. कुटुंबाला उघड्यावर टाकणे म्हणजे वैराग्य नव्हे, हे त्यांनी जाणले होते. मदरशात आपल्या जागी बंधू अहमद यांना नेमले. शामला जाण्याचा बेत खलिफा व मित्र अडवतील म्हणून केवळ मक्केला निघाल्याचे जाहीर केले. लोकांनी नाना तर्क केले. इमामांनी कोणाचे समाधान करीत बसण्यात वेळ घालविला नाही.

दमास्कसच्या जामा मशिदीच्या मिनारात ते दिवसदिवस एकान्तात बसत. पुढे बैतुल मुकद्दस, अल्-खलील आणि हज. 'इह्या उलूमुद्दीन' हा ग्रंथ याच काळातला. मुलांची ओढ आणि घरच्या गरजा त्यांना अखेर मायदेशी घेऊन आल्या, हेही आपण ध्यानात घ्यावे.

हिजरी ४९९ मध्ये सत्पुरुषांशी मसलत करून ते निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. काम तेच होते, हेतू बदललेला होता. पुढे तूसला परतून त्यांनी घराशेजारी मदरसा व खानकाह उभारली. हिजरी ५०५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.