ढोफारचे सय्यद फदल

सलालाह हे ओमान देशातील ढोफार प्रांताचे मुख्य शहर. या प्रांतावर एकदा मलबारात जन्मलेल्या माणसाने राज्य केले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

सय्यद फदल यांचा जन्म सुमारे १८२४ साली मंबुरम येथे झाला. वडील सय्यद अलवी हे मोपल्यांचे धर्मगुरू. त्या काळी मोपले कुळे व जमीनदार यांच्यात रक्तपात होत असे. फदल हेच कुळांना चिथावतात, असा इंग्रज सरकारला संशय होता. मार्च १८५२ मध्ये त्यांना कुटुंबासह देश सोडून अरबस्तानात जावे लागले. १८५५ साली मोपल्यांनी कलेक्टर कॉनोली यांचा खून केला. मग तर परतीची वाट बंदच झाली.

१८७६ साली ते ढोफारचे अधिपती झाले व तुर्की सुलतानाच्या नावाने कारभार पाहू लागले. परंतु तेथील टोळ्यांना त्यांचा अंमल मानवला नाही. १८७९ च्या जानेवारीत टोळ्यांनी त्यांना घालवून दिले आणि ढोफार मस्कतच्या सुलतानाकडे गेला.

फदल इस्तंबूलला गेले. तेथे मानमरातब मिळाला, पण ढोफार परत मिळाले नाही आणि मंबुरमही दिसले नाही. १९०० साली ते तेथेच वारले.

कोकण सोडून या बेटावर आलेल्या आपल्या कित्येक पूर्वजांनाही आपले गाव पुन्हा दिसले नाही. म्हणून ही परक्या वाटणारी कथा आपल्याला समजते.