इयान कर्टिस

इयान केविन कर्टिस (जन्म : १५ जुलै १९५६, स्ट्रेटफर्ड, इंग्लंड, मृत्यू : १८ मे १९८०, मॅकल्सफील्ड, इंग्लंड) हे इंग्रज गायक व गीतकार होते. मँचेस्टर परिसरातील जॉय डिव्हिजन या रॉक बँडचे ते प्रमुख गायक होते व बँडची गीतेही तेच लिहीत. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयावाचून, एका लहान स्थानिक कंपनीच्या बळावर या बँडने समीक्षकांची प्रशंसा मिळवली आणि बीबीसी रेडिओच्या रात्रीच्या प्रसारणांतून तो ब्रिटनभर पोहोचला. बँडची कीर्ती आणि कर्टिस यांचा अपस्माराचा आजार एकाच काळात वाढत गेले. मृत्यूसमयी त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते.

बालपण व शिक्षण

कर्टिस यांचे वडील केविन हे वाहतूक पोलीस दलात नोकरीला होते. आईचे नाव डोरीन. कर्टिस यांचे बालपण चेशर परगण्यातील मॅकल्सफील्ड या गावी गेले. हे गाव एके काळी रेशमी वस्त्रांच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. अकराव्या वर्षी गुणवत्तेच्या बळावर त्यांना तेथील किंग्ज स्कूल या नामांकित शाळेत प्रवेश मिळाला. लहानपणापासून त्यांना वाचनाची, विशेषतः कवितेची गोडी होती. डेव्हिड बोवी, लू रीड, इगी पॉप आणि जिम मॉरिसन हे त्यांचे आवडते गायक होते. पुढे फ्रान्झ काफ्का, विल्यम बरोज आणि जे. जी. बॅलार्ड या लेखकांच्या साहित्याचा त्यांच्यावर प्रभाव पडला. त्यांच्या काही गीतांची शीर्षकेही अशाच वाचनातून आली आहेत.

शालेय शिक्षणानंतर ते महाविद्यालयात फार काळ रमले नाहीत. काही काळ मँचेस्टरमधील ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात काम करून ते सरकारी नोकरीत शिरले. पुढे मॅकल्सफील्ड येथील रोजगार कार्यालयात अपंग व्यक्तींना काम मिळवून देण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. २३ ऑगस्ट १९७५ रोजी त्यांचा डेबोरा वुड्रफ यांच्याशी विवाह झाला. त्या वेळी ते १९ वर्षांचे, तर पत्नी १८ वर्षांची होती. एप्रिल १९७९ मध्ये त्यांना कन्यारत्न झाले.

बँडची स्थापना

४ जून १९७६ रोजी सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये कार्यक्रम झाला. श्रोते मोजकेच होते. त्यांत सॅल्फर्डचे बर्नार्ड समनर व पीटर हूक हे दोन शाळासोबती होते. संगीताच्या औपचारिक शिक्षणावाचूनही बँड उभा करता येतो, ही जाणीव त्यांना या कार्यक्रमाने दिली. २० जुलै रोजी त्याच बँडचा तेथेच दुसरा कार्यक्रम झाला. त्यास कर्टिस उपस्थित होते. पुढे समनर व हूक यांनी गायक हवा असल्याची जाहिरात एका ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात लावली आणि ती पाहून कर्टिस बँडमध्ये आले. समनर गिटार व हूक बेस गिटार वाजवीत. ऑगस्ट १९७७ मध्ये मॅकल्सफील्डचेच स्टीफन मॉरिस ड्रमवादक म्हणून सामील झाले आणि चौघांचा संच पूर्ण झाला.

बोवी यांच्या एका रचनेवरून बँडचे नाव आरंभी वॉरसॉ असे ठेवले होते. मिळत्याजुळत्या नावाचा एक बँड लंडनमध्ये असल्याने १९७८ च्या आरंभी ते बदलून जॉय डिव्हिजन करण्यात आले. हे नाव एका कादंबरीतून घेतले होते आणि त्याचा संदर्भ नाझी छळछावण्यांमधील स्त्रियांच्या लैंगिक शोषणाशी होता. या नावामुळे व पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील चित्रामुळे बँडवर नाझी विचारांबद्दल सहानुभूती असल्याचे आरोप झाले. सदस्यांनी ते वेळोवेळी नाकारले.

स्वतंत्र मार्गाची निवड

बँडने जून १९७८ मध्ये 'अ‍ॅन आयडियल फॉर लिव्हिंग' ही चार गीतांची पहिली ध्वनिमुद्रिका स्वखर्चाने काढली. सात इंची तबकडीवर चार गीते बसवल्याने आवाजाचा दर्जा उणावला होता. तीच गीते नंतर बारा इंची तबकडीवर पुन्हा काढावी लागली. याच वर्षी आरसीए या बड्या कंपनीच्या संबंधातून एक पूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित झाला होता. तथापि निर्मात्याने आपल्या मनाविरुद्ध घातलेले सिंथेसायझरचे सूर न रुचल्याने बँडने तो प्रकाशित होऊ दिला नाही.

१४ एप्रिल १९७८ रोजी मँचेस्टरच्या राफ्टर्स क्लबमध्ये नव्या बँडची स्पर्धा झाली. जॉय डिव्हिजनला मध्यरात्र उलटून गेल्यावर मंच मिळाला. तेथे रॉब ग्रेटन यांनी त्यांना ऐकले व पुढे ते बँडचे व्यवस्थापक झाले. ग्रॅनडा दूरचित्रवाणीचे निवेदक टोनी विल्सन हेही तेथे होते. आपल्या बँडला पडद्यावर संधी देत नाही म्हणून कर्टिस यांनी त्यांना त्याच रात्री खडे बोल सुनावले. २० सप्टेंबर १९७८ रोजी विल्सन यांच्याच कार्यक्रमातून बँड प्रथम दूरचित्रवाणीवर दिसला.

विल्सन यांनी अ‍ॅलन इरॅस्मस यांच्यासह फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी स्थापन केली. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा वाटायचा आणि संगीताची मालकी कलावंतांकडेच ठेवायची, अशी तिची रीत होती. मोठ्या कंपन्या आगाऊ रक्कम देत. परंतु निर्माता कोण, वेष्टन कसे, कोणते गीत केव्हा प्रकाशित करायचे यांचे निर्णय बहुधा त्याच घेत. फॅक्टरीकडे पैसा बेताचा होता, मात्र हे स्वातंत्र्य होते. लंडनहून प्रस्ताव येऊनही बँडने मँचेस्टरमध्येच राहणे पसंत केले.

जानेवारी १९७९

या एका महिन्यात कर्टिस यांच्या आयुष्याला दोन दिशांनी वळण मिळाले. न्यू म्युझिकल एक्सप्रेस या प्रभावी संगीत साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र झळकले. मात्र त्याआधी, डिसेंबर १९७८ च्या अखेरीस, लंडनमधील पहिल्या कार्यक्रमाहून परतताना मोटारीत त्यांना तीव्र झटका आला होता. तपासणीअंती जानेवारीत अपस्माराचे निदान झाले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस बँडने जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी बीबीसीमध्ये चार गीते ध्वनिमुद्रित केली.

जॉन पील हे बीबीसी रेडिओ १ चे निवेदक होते. दिवसाच्या प्रसारणात खपाच्या यादीतील लोकप्रिय गीतांना प्राधान्य असे. पील मात्र रात्री दहानंतर अपरिचित बँडची गीते वाजवीत. अशा बँडना बीबीसीच्या ध्वनिमुद्रणगृहात बोलावून एका दिवसात साधारण चार गीते मुद्रित केली जात. जाहिरातीस पैसा नसलेल्या स्वतंत्र कंपन्यांना देशभरातील श्रोत्यांपर्यंत नेणारा हा महत्त्वाचा मार्ग होता. जॉय डिव्हिजनचे पहिले सत्र १४ फेब्रुवारी १९७९ रोजी, तर दुसरे १० डिसेंबर १९७९ रोजी प्रसारित झाले.

पहिल्या सत्रात 'शीज लॉस्ट कंट्रोल' हे गीत होते. रोजगार कार्यालयात कामाच्या शोधात येणाऱ्या एका अपस्मारग्रस्त तरुणीवरून ते सुचले होते. ती येईनाशी झाली तेव्हा तिला काम मिळाले असावे, असे कर्टिस यांना वाटले. पुढे तिचा मृत्यू झाल्याचे त्यांना कळले. दुसऱ्याच्या दुःखावर लिहिलेले हे गीत आता त्यांना त्याच आजाराने ग्रस्त असताना गावे लागत होते.

'अननोन प्लेझर्स'

पहिला अल्बम एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी ध्वनिमुद्रणगृहात तयार झाला व १५ जून रोजी प्रकाशित झाला. निर्माते मार्टिन हॅनेट यांनी वाद्यांमध्ये मोकळे अंतर ठेवून आणि प्रतिध्वनीचा वापर करून त्यास गूढ, थंड नाद दिला. कार्यक्रमांतील जोश त्यात उतरला नाही, अशी समनर व हूक यांची तक्रार होती. आज मात्र हा नादच बँडची ओळख मानला जातो. पीटर सॅव्हिल यांनी सजवलेल्या काळ्या वेष्टनावर एका स्पंदक ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींचा आलेख आहे. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना सापडलेला हा पहिला स्पंदक तारा होय.

मेलडी मेकर साप्ताहिकात जॉन सॅव्हेज यांच्यासारख्या समीक्षकांनी अल्बमचे स्वागत केले. परंतु राष्ट्रीय खपाच्या यादीत त्यास तेव्हा स्थान मिळाले नाही. प्रशंसा आणि प्राप्ती यांतील हे अंतर स्वतंत्र बँडच्या वाट्याला नेहमीच येई. कर्टिस दिवसा नोकरी करून रात्री कार्यक्रम करीत होते. बझकॉक्स या बँडबरोबरच्या १९७९ च्या शरद ऋतूतील दौऱ्याच्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. याच काळात 'ट्रान्समिशन' हे रेडिओलाच विषय करणारे गीत स्वतंत्र तबकडीच्या रूपाने आले.

आजार व अखेरचे दिवस

मंचावर कर्टिस हातापायांच्या झटकेदार हालचालींसह गात. ही त्यांची नृत्यशैली निदानापूर्वीपासूनची होती. पुढे मंचावरच प्रत्यक्ष झटके येऊ लागले; तेव्हा नृत्य कोणते आणि आजार कोणता, हे प्रेक्षकांना ओळखता येईना. अपस्माराच्या रुग्णास नियमित झोप व विश्रांती आवश्यक असते. कर्टिस यांच्या वाट्याला रात्रीचे प्रवास, जागरणे व मंचावरील लुकलुकते दिवे आले. तत्कालीन औषधांचे मनःस्थितीवरील दुष्परिणामही मोठे होते. वैवाहिक जीवनात दुरावा आला होता.

जानेवारी १९८० मध्ये बँडने युरोपचा दौरा केला आणि मार्चमध्ये लंडनला 'क्लोजर' हा दुसरा अल्बम ध्वनिमुद्रित केला. एप्रिलच्या आरंभी कर्टिस यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले. तथापि पाठोपाठ ८ एप्रिल रोजी बरी गावातील ठरलेला कार्यक्रम रद्द झाला नाही. त्यांना मोजकीच गीते गाता आली. इतर गायकांनी त्यांची जागा घेताच प्रेक्षकांनी दंगल केली. २ मे १९८० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. १८ मेच्या पहाटे मॅकल्सफील्ड येथील राहत्या घरी त्यांनी जीवनयात्रा संपवली. दुसऱ्या दिवशी बँड पहिल्या अमेरिका दौऱ्यासाठी निघणार होता. त्यांच्या निधनाची वार्ता पील यांनी आपल्या रेडिओ कार्यक्रमातून श्रोत्यांना दिली.

मृत्यूनंतर

जून १९८० मध्ये प्रकाशित झालेले 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' हे गीत ब्रिटनच्या खपाच्या यादीत १३ व्या स्थानी पोहोचले. पील यांच्या श्रोत्यांनी ते डिसेंबरमधील दुसऱ्या सत्रातच ऐकले होते. जुलैमध्ये आलेला 'क्लोजर' ६ व्या स्थानी गेला. त्याच्या वेष्टनावर इटलीतील जिनोआच्या दफनभूमीतील शिल्पसमूहाचे छायाचित्र आहे. ते कर्टिस यांच्या हयातीतच निवडले होते. त्यामुळे मृत्यूचा व्यापारासाठी उपयोग केल्याचा आक्षेप टिकत नाही.

उरलेल्या सदस्यांनी जॉय डिव्हिजन हे नाव पुन्हा न वापरता न्यू ऑर्डर हा बँड स्थापन केला. त्याची पहिली तबकडी 'सेरेमनी' (१९८१) हे कर्टिस यांनी लिहिलेले गीत आहे. डेबोरा कर्टिस यांनी १९९५ मध्ये पतीच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर आधारित 'कंट्रोल' हा चित्रपट छायाचित्रकार अँटन कॉर्बाइन यांनी २००७ मध्ये दिग्दर्शित केला.

अकाली मृत्यूमुळे कर्टिस यांच्याभोवती एक रम्य दंतकथा निर्माण झाली. जवळच्या व्यक्तींच्या आठवणींतून दिसणारे चित्र अधिक साधे व अधिक दुःखद आहे. अपराधभाव, एकाकीपणा आणि शरीरावरचा सुटत चाललेला ताबा यांविषयी ते गीतांतून उघडपणे लिहीत होते. हजारो श्रोते ती गीते ऐकत होते. परंतु ती स्वतःविषयीची आहेत, याकडे आपण तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही, असे सहकाऱ्यांनी नंतर मान्य केले. त्यांच्या दृष्टीने ते उत्तम काव्य होते. एका आजारी तरुणास विश्रांती व उपचार यांची जेव्हा सर्वाधिक गरज होती, तेव्हाच बँडला यशाची पहिली मोठी संधी आली होती आणि थांबण्याचा निर्णय ना त्याने घेतला, ना इतरांनी. दोन अल्बम आणि काही सुट्या तबकड्या एवढीच कर्टिस यांची निर्मिती आहे. तिचा प्रभाव पुढील अनेक दशकांच्या स्वतंत्र रॉक संगीतावर राहिला आहे.