निर्वासितांचे पोशिंदे : संत व्हिन्सेंट द पॉल

संत व्हिन्सेंट द पॉल यांचे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अंगात साधा काळा झगा, पांढरी आखूड दाढी, कुशीत एक तान्हे मूल आणि झग्याचा घोळ धरून उभे असलेले दुसरे. पॅरिसच्या रस्त्यांवर टाकून दिलेल्या अर्भकांस त्यांनी आश्रय मिळवून दिला, ही गोष्ट इतकी प्रसिद्ध झाली की तिच्यापुढे त्यांच्या आयुष्यातील दुसरे एक मोठे कार्य झाकोळून गेले आहे. लढायांमुळे घरेदारे सोडून पळालेल्या हजारो कुटुंबांस त्यांनी वर्षानुवर्षे अन्न, वस्त्र व निवारा पुरविला. विद्यार्थी मित्रहो, या लेखात मुख्यतः त्याच कार्याची हकीकत सांगण्याचा विचार आहे.

व्हिन्सेंट यांचा जन्म इ. स. १५८१ च्या सुमारास फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील पूई नावाच्या खेड्यात झाला. वडील लहानसे शेतकरी होते. सहा भावंडांत व्हिन्सेंट तिसरे. लहानपणी ते गुरेमेंढरे व डुकरे राखीत. मुलाची बुद्धी तल्लख आहे हे पाहून वडिलांनी त्यास जवळच्या दाक्स गावी शाळेत घातले व पुढे तुलूझ येथील विद्यापीठाच्या खर्चासाठी गोठ्यातील बैलांची जोडी विकली. दाक्स येथे असताना एकदा वडील भेटीस आले. ते पायाने अधू होते व अंगावरचे कपडे खेडवळ होते. अशा बापाबरोबर लोकांत दिसण्याची मुलास लाज वाटली. ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे ती व्हिन्सेंट यांनी स्वतःच ती पुढे शिष्यांजवळ वारंवार कबूल केली म्हणून. ज्याच्या चरित्रकारांनी त्यास जन्मापासूनच संत करून सोडले असते, त्याने आपल्या हाताने हा डाग राखून ठेवला, हे मला फार मोलाचे वाटते.

इ. स. १६०० मध्ये, म्हणजे नियमाने ठरलेल्या वयाच्या कितीतरी आधी, त्यांस धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. त्या वेळी त्यांच्या मनात सेवेपेक्षा उत्पन्नाचा विचार अधिक होता, हे त्यांची त्या काळची पत्रे वाचली म्हणजे स्पष्ट दिसते. चांचे लोकांनी त्यांस पकडून ट्यूनिस येथे गुलाम म्हणून विकले व दोन वर्षांनी ते सुटून आले, अशी एक चित्तथरारक हकीकत याच पत्रांत आहे. परंतु ती खरी की कल्पित याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, म्हणून ती येथे सोडून देतो.

पॅरिसला आल्यावर हळूहळू त्यांचे मन पालटत गेले. क्लिशी या गावी ते काही काळ पाळक होते. तेथील शेतकरी त्यांस फार आवडत. पुढे गोंदी नावाच्या सरदार घराण्यात ते उपाध्याय व शिक्षक झाले. पण ज्या प्रसंगाने त्यांच्या सर्व पुढील कार्यास वळण लागले तो इ. स. १६१७ च्या ऑगस्ट महिन्यात शातियों या गावी घडला. रविवारी उपासनेची तयारी चालली असता एका बाईने येऊन सांगितले की, गावाबाहेरच्या एका घरात सर्वच माणसे आजारी पडली असून त्यांस पाणी देण्यासही कोणी उरलेले नाही. व्हिन्सेंट यांनी उपदेशात ती हकीकत मंडळीस सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले तो वाटेवर बायकांची रीघ लागलेली! कोणी भाकरी, कोणी मांस, कोणी आणखी काही घेऊन चालली होती.

दुसरा कोणी असता तर मंडळीचे हे औदार्य पाहून देवाचे उपकार मानून स्वस्थ बसला असता. व्हिन्सेंट यांच्या मनात मात्र निराळाच विचार आला. आज या घरी एवढे अन्न जमले की त्यातील निम्मे नासून जाईल, आणि परवा तेच घर पुन्हा उपाशी राहील. दया पुष्कळ आहे, पण तिला व्यवस्था नाही. तीन दिवसांत त्यांनी काही स्त्रियांस एकत्र आणले व त्यांची एक मंडळी स्थापिली. तिचे नियम आजही उपलब्ध आहेत व ते वाचण्याजोगे आहेत. प्रत्येकीने आपल्या पाळीच्या दिवशी स्वयंपाक करून रोग्यांकडे न्यावा, जमाखर्च नीट लिहावा, इत्यादी गोष्टी त्यांत आहेतच. पण एक नियम असाही आहे की, ज्या रोग्यांजवळ कोणी माणूस आहे त्यांच्याकडे आधी जावे व जे एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्यांच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. केवळ कार्यालयात बसून असा नियम कोणास सुचणार नाही.

यानंतर इ. स. १६२५ मध्ये खेड्यांतून धर्मशिक्षण देणारा त्यांचा धर्मगुरूंचा संघ स्थापन झाला. इ. स. १६३२ मध्ये त्या संघास पॅरिसच्या वेशीबाहेरील सेंट लाझार हा महारोग्यांचा जुना विस्तीर्ण मठ मिळाला. इ. स. १६३३ मध्ये लुईझ द मारियाक या विधवा बाईंच्या साहाय्याने त्यांनी सेवाभगिनींचा संघ सुरू केला. त्या काळी व्रतस्थ स्त्रियांनी मठाच्या भिंतींआड राहावे अशी रीत होती. या भगिनी मात्र, पुष्कळशा खेड्यांतून आलेल्या, हातात पेज व औषधांची भांडी घेऊन रस्त्यांतून व गरिबांच्या घरांतून हिंडू लागल्या. पैसा जमविण्याचे काम थोर घराण्यांतील स्त्रियांच्या एका मंडळीने पत्करले होते. अशी ही तिहेरी व्यवस्था तयार होते न होते तोच तिच्यावर लॉरेनचे संकट येऊन आदळले.

लॉरेन हे फ्रान्स व जर्मन साम्राज्य यांच्या सीमेवरील एक छोटे संस्थान. तीस वर्षांच्या युद्धात त्याच्या राजाने साम्राज्याचा पक्ष धरला. इ. स. १६३३ पासून फ्रेंच फौजा तेथे घुसल्या. त्यांच्या मागोमाग स्वीडिश आले व बादशाही पलटणी आल्या. प्रत्येक सैन्य त्या मुलखावरच पोट भरी. पिके कापली गेली, गुरे मारली गेली, नांगर जाळण्यासाठी फोडले गेले. नंतर प्लेग आला. खेडी ओस पडून लोक तटबंदीच्या शहरांत शिरले व तेथे दाटीवाटीने उपाशी मरू लागले. लांडगे वस्तीत येऊ लागले होते. नान्सी येथील चित्रकार झाक काल्लो यांनी इ. स. १६३३ मध्ये युद्धाच्या हालअपेष्टांची जी कोरीव चित्रे प्रसिद्ध केली, ती पाहिल्यास हे वर्णन अतिशयोक्तीचे वाटणार नाही.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, लॉरेन हा फ्रान्सच्या राजाच्या दृष्टीने शत्रूचा मुलूख होता, आणि ही दुर्दशा करणाऱ्या सैन्यांत फ्रेंच सैन्यही होते. तरी इ. स. १६३९ पासून व्हिन्सेंट यांनी तेथे मदत धाडण्यास आरंभ केला. तूल, मेत्स, व्हर्दं, नान्सी, बार-ल-द्यूक इत्यादी सुमारे पंचवीस गावी त्यांच्या संघाची माणसे भाकरी व कपडे वाटू लागली व रोग्यांची शुश्रूषा करू लागली. बार येथे एक तरुण धर्मगुरू याच सेवेत ताप येऊन वारला, तेव्हा शेकडो भिकारी त्याच्या प्रेतामागून रडत चालले होते. दिलेल्या पैशाची पावती गावच्या अधिकाऱ्यांकडून घ्यावी, असा व्हिन्सेंट यांचा कटाक्ष असे. ज्यांनी पॅरिसमध्ये आपले दागिने काढून दिले त्यांस हिशेब मिळालाच पाहिजे, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

पण पॅरिसहून तेथवर पैसा न्यावयाचा कसा? वाटेत लुटारू सैनिकांच्या टोळ्या. हे काम संघातील मॅथ्यू रनार या साध्या बंधूने केले. फाटकी वस्त्रे व खांद्यावर भिकाऱ्याची झोळी घेऊन तो पायी निघे. झोळीत कधी वीस, कधी तीस हजार लिव्र (हे त्या काळचे फ्रेंच चलन) असत. असे प्रवास त्याने पन्नासांहून अधिक केले आणि एकदाही पैसा गमावला नाही. एकदा एका घोडेस्वाराने त्यास अडवून बाजूला चालविले. स्वाराची नजर वळताच रनारने थैली हळूच खाली टाकली व पुढे नांगरटीत जाता जाता, खुणेसाठी पाय रोवून, त्या स्वारास वाकून वाकून नमस्कार करण्याचा सपाटा लाविला. झडतीत काही सापडले नाही. स्वार निघून गेल्यावर हा मागे फिरला व आपली थैली उचलून वाटेस लागला. खुद्द राणी ॲन त्यास बोलावून घेऊन या गोष्टी कौतुकाने ऐकत असे.

परतताना रनार रिकामा येत नसे. ज्यांस तेथे राहणे धोक्याचे होते अशा अनाथ मुली व मुले तो बरोबर आणी. दीडशेहून अधिक मुली अशा रीतीने पॅरिसला आल्या. लुईझबाईंनी त्यांस उतरवून घेतले व सभ्य घरी कामे मिळवून दिली. शिवाय कुटुंबेच्या कुटुंबे आपण होऊन सेंट लाझारच्या दाराशी येत. त्यांची सोय जवळच्या ला शापेल या खेड्यात लावली जाई.

या सर्वांत अवघड प्रश्न सरदार घराण्यांतील निर्वासितांचा होता. त्यांनी आणलेले जडजवाहीर विकून संपले होते, आणि मागण्यास तोंड उघडत नव्हते. भिकाऱ्यांच्या रांगेत ते उभे राहिले नसते. कोंडून घेऊन उपाशी मेले असते. व्हिन्सेंट यांनी बारन द रंती वगैरे काही फ्रेंच सरदारांस जमवून सांगितले की, हे काम बरोबरीच्या माणसानेच केले पाहिजे. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे सरदार सेंट लाझार येथे भेटत, आपसांत वर्गणी करीत व मित्राच्या घरी भेटीस जावे तसे जाऊन ती पोचती करीत. एकदा वर्गणीत दोनशे लिव्र कमी पडले. व्हिन्सेंट यांनी संघाच्या खजिनदारास एकीकडे बोलावून शिल्लक विचारली. उद्याच्या जेवणापुरती रक्कम तेवढी उरली आहे असे कळले. तीच देण्यास त्यांनी सांगितले. एका सरदाराच्या कानी ते बोलणे पडले व दुसऱ्या दिवशी त्याने हजार लिव्रांची थैली पाठवून दिली. मठातील जेवणाचे एक पक्वान्न तर इ. स. १६३६ च्या युद्धातच बंद झाले होते व ते पुन्हा कधीच सुरू झाले नाही.

अन्न वाटून युद्ध थांबत नाही, हे व्हिन्सेंट यांस दिसत होते. म्हणून ते एक दिवस मुख्य प्रधान रिशल्यू यांच्याकडे गेले, लोकांची दैन्यावस्था त्यांनी सांगितली आणि गुडघे टेकून शांततेची भीक मागितली. आपणही शांततेसाठीच झटत आहोत, पण ती आपल्या एकट्याच्या हाती नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन रिशल्यू यांनी त्यांची बोळवण केली.

दुसरा प्रयत्न याहून अयशस्वी झाला. इ. स. १६४८ मध्ये फ्रान्समध्ये यादवी माजली. पुढील जानेवारीत बालराजास घेऊन राणी व प्रधान माझारिन पॅरिसबाहेर गेले व शहरास सैन्याचा वेढा पडला. सत्तरीकडे झुकलेले व्हिन्सेंट पहाटेच्या अंधारात घोड्यावर बसून राणीच्या भेटीस निघाले. वाटेत शस्त्रे घेतलेल्या गावकऱ्यांनी त्यांस घेरले. पण ते गाव क्लिशी होते, आणि एकाने आपल्या जुन्या पाळकास ओळखले! पुढे सेन नदीस पूर आला होता, तोही त्यांनी ओलांडला. माझारिनने दूर व्हावे म्हणजे शांतता होईल, असे त्यांनी राणीस व नंतर खुद्द माझारिन यांस तोंडावर सांगितले. काही उपयोग झाला नाही. इकडे दरबाराचा पक्षपाती म्हणून पॅरिसमध्ये त्यांच्यावर रोष झाला व सैनिकांनी सेंट लाझारमधील धान्य लुटले. आपण राणीशी फार कठोर बोललो व कठोरपणाने आपल्या हातून कधीच काही साधले नाही, असे ते मागाहून सोबत्यांपाशी कबूल करीत. प्रधानास जा म्हणून सांगणे हे काम त्यांचे होते की नव्हते, याविषयी मला स्वतःला निश्चय करता येत नाही.

मग पिकार्दी व शांपान्य या प्रांतांची पाळी आली. या खेपेस मदतीची एक नवी युक्ती योजण्यात आली. संघाच्या माणसांकडून आलेली पत्रे इ. स. १६५० पासून छापून हजारो प्रतींनी वाटण्यात येऊ लागली, म्हणजे दूरचे दुःख पॅरिसच्या घराघरांत वाचले जाई. हे काम शार्ल द बर्निएर या गृहस्थांनी पाच वर्षे चालविले. रतेल येथील लढाईनंतर हजाराहून अधिक प्रेते उघड्यावर पडली होती. ती संघाच्या लोकांनी पुरली. पुढे केवळ भाकरी पाठविण्याऐवजी बियाणे, कुऱ्हाडी, कोयते व सूत कातण्याचे चरखे जाऊ लागले, कारण ज्यास शेत आहे त्यास कायमचा आश्रित करून ठेवणे व्हिन्सेंट यांस पसंत नव्हते. इ. स. १६५२ मध्ये खुद्द पॅरिस आसपासच्या पळालेल्या लोकांनी भरून गेले, तेव्हा रोज सुमारे १५,००० माणसांस पेज मिळत होती. ती शिजविणाऱ्या बहुतेक त्या खेडवळ भगिनी होत्या.

शेवटच्या वर्षांत पाय सुजल्यामुळे त्यांस चालवेना. इ. स. १६६० च्या मार्चमध्ये लुईझबाई वारल्या, तेव्हा त्यांच्या अंत्यसमयी व्हिन्सेंट यांस जाता आले नाही. त्याच वर्षी २७ सप्टेंबरच्या पहाटे, खुर्चीत बसल्या बसल्या, त्यांनी देह ठेविला. इ. स. १७३७ मध्ये रोमन कॅथलिक मंडळीने त्यांस संतपद दिले. इ. स. १८३३ मध्ये पॅरिसच्या काही विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावाने जी मंडळी काढली, तिच्या शाखा आज मुंबईतील कॅथलिक देवळांतूनही गरिबांच्या घरी जाऊन मदत पोचवितात.

मॅथ्यू रनार आपल्या गुरूच्या मागे नऊ वर्षे जगले. झोळीतून त्यांनी वाहून नेलेल्या रकमेची बेरीज काही लाख लिव्र भरते.