डिझेल हे आधी माणसाचं नाव होतं! इंधन वाचवायला निघालेल्या इंजिनिअरची गोष्ट

मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाताना बीबी लागतं. या रस्त्यावरचे ट्रक, एसटी, ट्रॅक्टर बहुतेक डिझेलवरच धावतात. पण हे डिझेल मुळात एका माणसाचं आडनाव. रुडॉल्फ डिझेल! त्याने आयुष्य घालवलं एकाच प्रश्नावर: इंधन वाया का जातं?

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला जर्मनीत ऑग्सबर्गला धाडलं. पुढे म्युनिकला प्राध्यापक लिंडे यांच्या वर्गात त्याला कळलं, की वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम दहा टक्के उष्णता कामी आणतं. बाकी सगळी वाया.

त्याने उपाय शोधला. हवा इतकी दाबायची की ती तापेल आणि तिच्यात सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटेल. १८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी पहिल्या चाचणीत इंजिनावरचं दाब मोजायचं यंत्र फुटलं, पण तो मागे हटला नाही. १८९७ मध्ये त्याच्या इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामी आणली.

पैसा आला, तसा गेलाही. पेटंटचे वाद, आजारपण, बुडालेली गुंतवणूक, कर्ज. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला निघालेल्या जहाजावरून रुडॉल्फ नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. आत्महत्या, अपघात की घातपात, हा वाद आजही संपलेला नाही.

त्याने इंजिनात वाचवलेलं इंधन आज ड्रायव्हरच्या पायाखाली वाया जाऊ शकतं. ते कसं?

दर वेळी करकचून ब्रेक मारला, की जळलेल्या डिझेलची मेहनत ब्रेक तापवण्यात जाते. म्हणून पुढचा रस्ता बघून ॲक्सिलरेटर आधीच सोडावा. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. टायरमध्ये हवा कमी असेल, तर इंजिनाला जास्त ओढावं लागतं.

आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचतं? उलट! आजच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनाला जाणारं इंधन थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक सुटतो आणि गाडी आवरणं अवघड होतं.

इंजिन रुडॉल्फने सुधारलं. पाय आवरणं चालवणाऱ्याच्या हातात आहे.