बहुमताची सीमा सांगणारा स्पेन्सर

डिसेंबर १९०३ मध्ये लंडनच्या गोल्डर्स ग्रीन येथे हर्बर्ट स्पेन्सरच्या देहाचे दहन झाले. धर्मविधी झाला नाही. त्या प्रसंगी एका हिंदी गृहस्थाने, ऑक्सफर्ड विद्यापीठात स्पेन्सरच्या नावाने व्याख्यानमाला सुरू व्हावी म्हणून एक हजार पौंडांची देणगी जाहीर केली. हे गृहस्थ म्हणजे श्यामजी कृष्णवर्मा. साम्राज्यसत्तेशी झगडू पाहणाऱ्या या देशभक्ताला एक इंग्रज तत्त्वज्ञ गुरुस्थानी वाटावा, याचे कारण स्पेन्सरच्या एका आयुष्यभराच्या आग्रहात आहे. राज्य कोणाचेही असो, त्याच्या सत्तेला सीमा हवी. ते लोकांनी निवडून दिलेले असले तरीही हवी.

१८२० साली डर्बी येथे एका शिक्षकाच्या घरी जन्मलेल्या स्पेन्सरला सत्तेचे वावडे लहानपणापासूनच होते. तेराव्या वर्षी त्याला बाथजवळ पाद्री असलेल्या चुलत्याकडे शिकण्यासाठी ठेवण्यात आले. तेथील शिस्त न मानवल्याने हा पोरगा पळाला आणि सुमारे ११५ मैलांची वाट तीन दिवसांत पायी तुडवून घरी पोहोचला. पहिल्या दोन दिवसांत तर तो रोज जवळजवळ ४८ मैल चालला! आईबापांनी त्याला पुन्हा चुलत्याकडे धाडले, हा भाग वेगळा. विद्यापीठाची पायरी तो कधीच चढला नाही.

१८३७ पासून काही वर्षे त्याने रेल्वेत अभियंत्याची नोकरी केली. त्याच्या राजकीय विचाराचे मूळ शोधायचे तर ग्रंथांइतकेच या रुळांकडेही पाहावे लागते. १८५४ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या कारभारावर त्याने एक प्रदीर्घ निबंध लिहिला. संचालक, वकील, कंत्राटदार आणि जमीनदार संगनमताने नवे फाटे मंजूर करून घेतात व भुर्दंड सामान्य भागधारकांवर पडतो, हे त्याने त्यात दाखविले. हे सारे रीतसर मतदानानेच होत असे. मग बहुमत अल्पमताला बांधील कोठपर्यंत करू शकते? ज्या कामासाठी भांडवल दिले तेवढ्यापुरतेच, असे त्याचे उत्तर होते.

तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, ‘द मॅन व्हर्सस द स्टेट’ या पुस्तकात त्याने हाच न्याय संसदेला लावला. वाचनालयासाठी वर्गणी जमविलेल्या मंडळाने उद्या बहुमताने ठराव करून त्या पैशाची दारूगोळ्यावर उधळण केली, तर विरोधी सभासदांवर तो ठराव बंधनकारक कसा? एकेकाळी राजाचा हक्क ईश्वरदत्त मानला जाई. आता तीच भाबडी श्रद्धा लोकांनी संसदेवर बसविली आहे, हा त्याचा आरोप होता. या युक्तिवादात एक गफलत आहे. वाचनालयाचा राजीनामा देता येतो, राज्याचा देता येत नाही. स्पेन्सरला हे ठाऊक नव्हते असे नाही. १८५१ च्या ‘सोशल स्टॅटिक्स’मध्ये त्याने राज्याचे संरक्षण व कर दोन्ही नाकारण्याचा हक्क व्यक्तीला दिला होता. त्याच ग्रंथात जमिनीवरील खासगी मालकीही त्याने अन्यायाची ठरविली होती.

१८९२ च्या सुधारित आवृत्तीत मात्र ही दोन्ही प्रकरणे नाहीशी झाली. हेन्री जॉर्जने त्याच वर्षी एक संपूर्ण ग्रंथ लिहून या माघारीचा समाचार घेतला, आणि तो योग्यच होता. जमिनीचा प्रश्न गाळला की उरतो तो केवळ सरकारी शाळा, आरोग्याचे कायदे आणि गरिबांची मदत यांना असलेला विरोध. सरकारला घातलेला लगाम मग आपोआपच सुस्थितांच्या सोयीचा होतो. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरी कामगारांच्या कामाचे तास मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा रद्द केला, तेव्हा न्यायमूर्ती होम्स यांना आपल्या भिन्नमतपत्रात स्पेन्सरचे नाव घेऊनच बहुमताला खडसवावे लागले.

महाराष्ट्राने स्पेन्सर वाचला तो असा पोथीनिष्ठपणे नव्हे. मिल-स्पेन्सरच्या विचारांवर पोसलेले आगरकर १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याच्या बाजूने उभे राहिले, तर परक्या सरकारने सामाजिक चालीरीतींत हात घालू नये अशी भूमिका टिळकांनी घेतली. बालवधूचे स्वातंत्र्य हिरावणारी सत्ता सरकारची नसून घरातली असते, तेव्हा काय करावे? त्या पेचात आगरकरांनी गुरूच्या सूत्रापेक्षा त्या मुलीला अधिक महत्त्व दिले.

तरीही स्पेन्सरला केवळ धनिकांचा वकील ठरविणे अन्यायाचे होईल. बोअर युद्धाच्या वेळी इंग्लंडचे लोकमत उन्मादाने पेटले असताना, ऐंशीच्या घरातला हा आजारी, अविवाहित म्हातारा स्वदेशाच्या आक्रमणाविरुद्ध लिहीत राहिला. जनतेचा कौल युद्धाच्या बाजूने आहे, एवढ्याने ते त्याला न्याय्य वाटले नाही. ८ डिसेंबर १९०३ रोजी ब्रायटन येथे त्याचा मृत्यू झाला, तोवर ज्या वाचकांनी त्याला डोक्यावर घेतले होते त्यांतील बहुतेकांनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती.